सत्तर हजारांचं परिमाण

गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचं घरात नक्की झालं, तेव्हा मी मुलाला एकच अट घातली. आधी आकडा, मग यादी. आकडा 70,000. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि 18 टक्के जीएसटी, सगळं त्यात आलं. आकडा ठरेपर्यंत कुठल्याही भागाचं नाव काढायचं नाही, आणि एकदा ठरला की आकड्यावर पुन्हा बोलायचं नाही.

त्याची यादी तयारच होती. बारावीची परीक्षा संपल्यापासून तो ती मनात घेऊन हिंडत होता: रायझन 7 7800एक्स3डी, आरटीएक्स 4070, 32 जीबी डीडीआर5, 27 इंची 1440पीचा मॉनिटर. मी हळदीच्या अडत दुकानांचे हिशेब लिहिते, त्यामुळे बेरीज माझ्या मनात आपोआप होते. ती दीड लाखाच्या पुढे गेली. माझा आकडा ऐकून तो म्हणाला, "आई, तू आता याला परिग्रह-परिमाण म्हणशील. पण आपल्याकडं पैसेच तेवढे आहेत. पैसे नाहीत म्हणून कमी घ्यायचं, याला व्रत कसं म्हणायचं?"

प्रश्न रास्त होता. मंदिरात इतकी वर्षं स्वाध्यायाला बसते, पण हा प्रश्न इतक्या सरळ कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आम्ही सांगलीकडचे दिगंबर जैन. आमच्याकडं पाचवं अणुव्रत, म्हणजे हेच परिग्रह-परिमाण, पुस्तकाआधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कळतं. मुनी सगळंच सोडतात. गृहस्थाला ते जमणारं नसतं, म्हणून त्यानं हद्द घालून घ्यायची: एवढं शेत, एवढी घरं, एवढं सोनं-रुपं, एवढं धान्य, एवढी गुरं, एवढे कपडे आणि भांडी. त्यापलीकडं नको. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात हे व्रत सांगताना त्याला इच्छापरिमाण असंही म्हटलं आहे. हद्द किती असावी, हे मात्र ते सांगत नाहीत. व्यापाऱ्यानं दहा लाखांची घातली तरी ते व्रत, शेतमजुरानं दहा हजारांची घातली तरी तेही व्रत. आकडा ज्याचा त्यानं ठरवायचा. ही मोकळीक मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळं व्रताची तुलना शेजाऱ्याच्या व्रताशी करताच येत नाही.

माझ्या आजीनं कुंभोजच्या बाहुबलीला मुनिमहाराजांपुढं नियम घेतला, त्यात लुगड्यांची हद्द सोळा होती. तिच्याकडं तेव्हा त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. आजोबा म्हणाले, "आहेत त्याच्या दुप्पट हद्द घालून व्रत कसलं?" आजी म्हणाली, "आज नाहीत म्हणून मला नकोत असं थोडंच आहे? उद्या येतील तेव्हा नको म्हणायचंय." पुढं घरात लग्नं झाली, मानपान झाले, लुगडी आली. सोळाच्या वर आलेलं प्रत्येक लुगडं तिनं दिवस मावळायच्या आत दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं. देताना तिचा चेहरा कधी पडला नाही आणि दिल्याचं तिनं कधी बोलूनही दाखवलं नाही.

मुलाला मी आजीचंच उत्तर दिलं. पैसे नाहीत म्हणून थांबणं हे व्रत नव्हेच. ती अडचण आहे. आज हद्द बोलून ठेवायची आणि पैसे येतील त्या दिवशी ती पाळायची, ते व्रत. म्हणजे व्रत घेतलं की नाही हे खरेदीच्या दिवशी कळायचंच नाही. आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली आणि ती मला अगदी मनापासून वाटते. ज्याच्या घरात खरोखरच नाही, त्याला कुणी संतोषाचे धडे देऊ नयेत. नियम स्वतः घ्यायचा असतो. दुसऱ्यावर लादला की ती नुसती बंदी होते. त्या अर्थानं 70,000 हा आकडा माझा होता, त्याचा नव्हता. तो त्याचा झाला की नाही, हे अजून ठरायचं होतं.

2024चा जून. सांगलीच्या विश्रामबागेतल्या दुकानात आम्ही कोटेशन घ्यायला बसलो आणि इच्छा कशी चालते ते मला तिथं टेबलावर मांडलेलं दिसलं. मुलाला मॉनिटर 1440पीचा हवा होता. साध्या 1080पीच्या पडद्यावर 20,73,600 ठिपके असतात, 1440पीच्या पडद्यावर 36,86,400. म्हणजे ग्राफिक्स कार्डाला दर चित्रामागं पावणेदोनपटींच्या थोडं वरच ठिपके रंगवायचे. मग आमच्या आकड्यात बसणारं आरएक्स 6600 पुरत नाही, वरचं कार्ड लागतं. आरएक्स 6600 ला 132 वॉट पुरतात. आरटीएक्स 4070 ला 200 लागतात, म्हणून वीज पुरवणारा एसएमपीएस मोठा घ्यावासा वाटतो. वरचं कार्ड लांबीलाही जास्त, मग कॅबिनेट बदला. एवढं कार्ड घेतल्यावर सहा कोअरचा प्रोसेसर कशाला, आठचा घ्या. वाढवलं फक्त पडद्याचं माप, आणि सगळी यादी सरकली. कार्ड सोडून बाकी प्रत्येक पायरीवर दुकानदार एवढंच म्हणे, "काकू, अजून दोन-तीन हजारांचाच प्रश्न आहे." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. त्या प्रत्येक पायरीवर खरंच थोड्याच हजारांचा प्रश्न होता.

म्हणून आकडा आधी. यादी आधी केली तर कुठं थांबायचं, हे यादीतला कुठलाच भाग सांगत नाही. प्रत्येक भाग फक्त पुढच्या भागाकडं बोट दाखवतो. थांबायची जागा बाहेरून आणावी लागते.

दुकानदाराचा शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार होता. आम्ही एएम4 सॉकेटचा बी550 बोर्ड आणि रायझन 5 5600 घेत होतो. तो म्हणाला, एएम4 आता संपत आला, थोडे टाका आणि एएम5 वर जा, म्हणजे चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल. तांत्रिक दृष्टीनं त्याचं बरोबर होतं. एएम5 हे 2022 मध्ये आलेलं, त्याला डीडीआर5 मेमरीच लागते, आणि नव्याचा पुढचा रस्ता मोकळा असतो. पण मला त्या युक्तिवादात वेगळंच काही दिसलं. चार वर्षांनी मुलाला जे हवंसं वाटेल, त्याचे पैसे आज मागितले जात होते. जी इच्छा अजून झालेलीही नाही, तिच्यासाठी घरात जागा करून ठेवायची. आजची इच्छा आवरणं अवघड, पण ती निदान समोर तरी असते. ही पुढची तर अजून जन्मालाही आलेली नव्हती. मी मुलाकडं पाहिलं. तो म्हणाला, "एएम4च राहू दे." एएम4 संपत आलाय म्हणूनच तो स्वस्त आहे आणि त्यातले दोष सगळ्यांना माहीत झालेत, हे त्यानं स्वतःच दुकानदाराला समजावलं.

एका बाबतीत मात्र त्यानं मला वरचढ उत्तर दिलं. कॅबिनेटबरोबर येणारा स्वस्तातला एसएमपीएस घेतला असता तर तीन-एक हजार वाचत होते. तो ऐकेना. 550 वॉटचा, 80 प्लस ब्राँझचाच हवा म्हणाला. हलका एसएमपीएस जळताना एकटाच जळेल असं नाही. बोर्ड आणि कार्ड बरोबर घेऊन जाऊ शकतो. जो भाग कुणाला दिसणार नाही, ज्यानं खेळाचा वेग तसूभरही वाढणार नाही, त्यावर त्यानं 4,000 रुपये घातले आणि कॅबिनेटमधले रंगीत दिवे सोडले. एकूण बेरीज 68,000 झाली.

आता पिठाच्या कोंबड्याची गोष्ट सांगायला हवी, कारण मुलाचा प्रश्न मला वाटला होता त्याहून खोल निघाला तो इथं.

सोमदेवसूरींनी 959 मध्ये पुरं केलेलं यशस्तिलक ज्या राजा यशोधराभोवती फिरतं, त्याची कथा आमच्यातल्या मुलांना लहानपणीच ऐकायला मिळते. राजा आईला वाईट स्वप्न पडल्याचं सांगतो. आई चंद्रमती म्हणते, देवीला जीव बळी दे. राजा जीव मारायला तयार नसतो. शेवटी आईच्या आग्रहापुढं तो एवढं कबूल करतो, की पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी द्यायचा. कोंबडा पिठाचा, रक्त नाही, प्राण नाही. पण मारण्याचा भाव खरा होता. त्या भावाचं फळ म्हणून मायलेक जन्मामागून जन्म पशुयोनीत फिरले. पहिल्या जन्मात तो मोर झाला आणि ती कुत्रा.

गेमिंगचा कॉम्प्युटर घरात येतोय म्हटल्यावर ही कथा मला छळायला लागली होती. मुलगा काउंटर-स्ट्राइक 2 खेळतो, व्हॅलोरंट खेळतो. पडद्यावर माणसं पडतात. मी त्याला विचारलं, हा पिठाचा कोंबडा नाही का? त्यानं विचार करून उत्तर दिलं. तो म्हणाला, "राजाला कुणीतरी मेलेलं हवं होतं, म्हणून त्यानं कोंबड्याचा आकार केला. मला पाच विरुद्ध पाचचा डाव जिंकायचा असतो. समोरचा पडला तरी दोन मिनिटांत पुढच्या फेरीत उभा राहतो, आणि तो उभा राहावा असंच मला वाटतं, नाहीतर खेळणार कुणाशी?" हे उत्तर मला पूर्ण पटलेलं नाही. खेळताना त्याच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात, ते नुसत्या जिंकण्याच्या इच्छेचे नसतात. पण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि भाव कोणता हे ज्याचं त्यालाच तपासावं लागतं, हेही खरं.

त्या बोलण्यातून मला दुसरीच वाट दिसली. कोंबडा नसताना हिंसा होऊ शकते, तर कार्ड नसताना परिग्रह का होऊ नये? दशलक्षण पर्वात आम्ही तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. त्यात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवर केलेलीच नाही. मूर्च्छेवर केली आहे, वस्तूत जीव गुंतून भान हरपण्यावर. पुढं अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात ते आणखी उलगडलं: बाहेरचं सगळं सोडलं पण आत मूर्च्छा उरली, तर तो माणूस परिग्रहीच. आमच्या परंपरेत बाहेरचे परिग्रह दहा मोजलेत आणि आतले चौदा. आतल्या चौदांत क्रोध आणि लोभ आहेतच, पण हास्य आणि रतीही आहेत. आवड हासुद्धा परिग्रह.

या हिशेबानं पाहिलं तर मार्चपासून जूनपर्यंत माझ्या मुलाकडं आरटीएक्स 4070 होतंच. त्याची लांबी, त्याचे पंखे, कुठल्या खेळात ते किती फ्रेम देतं, सगळं त्याला पाठ होतं. ज्याच्या घरी ते कार्ड खरोखर आहे तो बहुधा कॅबिनेट बंद करून विसरून गेला असेल. याच्या मनातून ते हलत नव्हतं. म्हणजे कमी पैसे असणं आणि कमी परिग्रह असणं यांचा आपोआप काही संबंध नाही. गरिबाची मूर्च्छा श्रीमंतापेक्षा मोठी असू शकते, आणि त्यात त्याचा दोष फार थोडा. ज्या वस्तूला हात लागत नाही ती मन जास्त व्यापते. मुलाच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथं खरा ठरला. नुसतं बजेट म्हणजे व्रत नव्हे. मग हद्द कशाला? तर मनाला थांबायला जागा मिळावी म्हणून. कोटेशनवर सही झाली त्या रात्री त्यानं कार्डांचे व्हिडिओ पाहिले नाहीत. पाहायचं कारणच उरलं नव्हतं.

समंतभद्राचार्यांनी या व्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितलेत, ते मी हळदीच्या बाजारात वाढल्यामुळं मला आधीपासून ओळखीचे होते. अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ, अतिभारवहन. टीकाकार ते व्यापाऱ्याच्याच भाषेत समजावतात. भाव चढतील म्हणून माल दाबून ठेवणं, हा अतिसंग्रह. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं राहायची. ती टिकावी म्हणूनही ठेवायचे आणि भावासाठीही. 2005च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं तेव्हा दोन्ही प्रकारची हळद सारखीच गेली. 2021मध्ये ग्राफिक्स कार्डांचं हेच झालं. आभासी चलन खणणारे कार्डं ढिगानं उचलत होते, मधले लोक साठवून दुपटीनं विकत होते, आणि खेळणाऱ्या मुलांना एक मिळेना. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली, कार्डांनी ते खणायचं काम एका दिवसात संपलं, आणि साठवलेली कार्डं वापरलेल्या मालाच्या बाजारात आली. अतिभारवहन म्हणजे बैलावर झेपणार नाही एवढं ओझं लादणं. यंत्रात जीव नाही, त्यामुळं हलक्या एसएमपीएसवर भार टाकण्यात हिंसा नाही; पण लादणाऱ्याचा लोभ तोच.

विस्मयाचा अर्थ मात्र मला मुलामुळं कळला. आपण व्यवहार करून मोकळे झालो, नंतर दुसऱ्याला जास्त फायदा झालेला दिसला आणि जीव कासावीस झाला, तर तो विस्मय. हा दोष इतका बारीक, की मला तो व्रताच्या यादीत कशाला घातला हे समजत नसे. आमचं बिल झाल्यावर थोड्याच दिवसांत एका ऑनलाइन सेलमध्ये तेच आरएक्स 6600 दीड हजारानं उतरलं. मुलगा दिवसभर नीट जेवला नाही. कार्ड तेच होतं, चालत होतं, त्याच्या खोलीत होतं. बदलला होता तो फक्त दुसऱ्या कुणाचा तरी भाव. मी त्याला रागावले नाही. समंतभद्रांची ओळ काढून टीकेतला अर्थ वाचून दाखवला. तो गप्प बसून राहिला.

खरी परीक्षा जुलैत आली. माझा भाऊ पुण्याहून आला, कॉम्प्युटर पाहिला आणि भाच्याला म्हणाला, "हे कार्ड दुकानदाराला परत दे, वरचे पैसे मी घालतो, 4070 बसव. बारावीचं बक्षीस समज." आता अडचण उरली नव्हती. पैसे आले होते, देणारा प्रेमानं देत होता, आणि मी मध्ये बोलणं बरोबर नव्हतं. आकडा माझा असेल तर तो आता मोडणार, त्याचा झाला असेल तर राहणार. मुलगा म्हणाला, "मामा, 70 हजार ठरलेत." मामानं मला दोष दिला, पोराला वाणी केलंस म्हणाला. मुलानं सांगितलं, आईचा काही संबंध नाही.

मला आनंद झाला, पण तो पुरता टिकला नाही. पुढच्या आठवड्यात त्याचे मित्र आले तेव्हा मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते. तुझ्या मशीनला एवढे पडले आणि माझ्या मशीनला एवढेच पडले, दर रुपयामागं फ्रेम कुणाला जास्त, मामा 4070 देत होता आणि मी नको म्हणालो, हे त्यानं तीनतीनदा सांगितलं. सोडलेलं कार्ड आता त्याच्या खिशावर बिल्ल्यासारखं होतं. चौदा अंतरंग परिग्रहांत मानही आहे. त्यागाची मूर्च्छा ही वस्तूच्या मूर्च्छेपेक्षा सुटायला कठीण, कारण तिला काढून दुसऱ्याला देता येत नाही. आजीला लुगडं तरी देता येत होतं. आजी सतरावं लुगडं दिल्याचं कधी बोलली नाही, हे मी वर सहज लिहून गेले, पण तिच्या व्रताचा सगळ्यात अवघड भाग तोच असावा, असं मला आता वाटतं. मुलाला मी हे सांगितलं. त्याला लागलं. "म्हणजे घेतलं तरी दोष, सोडलं तरी दोष," तो म्हणाला. मी म्हटलं, दोष सांगितलाय तो व्रत मोडलं असं म्हणण्यासाठी नाही, कुठून गळती होते ते दाखवण्यासाठी. अतिचार म्हणजे भंग नव्हे. हा फरक आमच्या आचार्यांनी मुद्दाम ठेवलाय, आणि गृहस्थाला त्याचाच आधार आहे.

त्यानंतर त्यानं आपणहून एक नियम घेतला. आमच्यात यम जन्मभराचा आणि नियम मुदतीचा. त्याची मुदत चार वर्षांची, इंजिनिअरिंग संपेपर्यंत: कॉम्प्युटरचा कुठलाही भाग वाढवायचा नाही. मी त्याला विचारलं, भाग बिघडला तर? नियम घेताना सूट आधी बोलून ठेवावी लागते. बिघाड झाल्यावर शोधलेली सूट ही सूट नसते. त्यानं बसून विचार केला. एसएमपीएस, एसएसडी, मेमरी बिघडली तर त्याच मापाचं नवं घ्यायचं. तेच बाजारात नसेल तर त्या वेळी जे सगळ्यात खालचं मिळेल ते. ग्राफिक्स कार्डाला मात्र त्यानं सूट ठेवलेली नाही. ते गेलं तर वॉरंटीत होईल ते होईल, नाहीतर चार वर्षं संपेपर्यंत कार्डाशिवाय. मी म्हटलं, रायझन 5 5600 ला स्वतःचं चित्र दाखवता येत नाही, कार्ड गेलं तर पडदाच काळा पडेल, अभ्यासही बंद होईल. एखादं हजार-दोन हजारांचं जुनं कार्ड चालेल एवढी तरी सूट ठेव. तो नाही म्हणतो. त्याच्या मते कार्डाला सूट दिली की चार वर्षं मन तिथंच जाऊन बसेल. मला हे नियमापेक्षा जास्त हट्टाचं वाटतं, आणि येत्या दशलक्षणात सातव्या दिवशी पंडितजींपुढं आम्ही दोघं हा वाद मांडणार आहोत.